पुस्तकांची आणेवारी

पुस्तकांवर ज्यांनी ज्यांनी जुलूम केले त्यांची यादी कुणी करायला घेतली, तर आमच्या गिरदावरांचं नाव वाळवीच्याही वर घालावं लागेल. वाळवी निदान पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मनापासून खाते. गिरदावर मधली दहा पानं खायचे आणि उरलेल्या चारशे पानांचा निकाल लावून मोकळे व्हायचे. कळमनुरीच्या वाचनालयात मी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली. चित्रांची पानं ब्लेडनं कापून नेणारे पाहिले, रहस्यकथेच्या तिसऱ्याच पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवणारे पाहिले, पाककृतींच्या पुस्तकावर फोडणी उडवून ‘हा डाग आधीचाच’ म्हणणाऱ्या बाया पाहिल्या. पण एका हंगामात येऊन साडेतीनशे पुस्तकांची चारचौघांत लाज काढणारा, आणि जाता जाता मलाही त्या यादीत बसवून जाणारा माणूस एकच. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. फक्त तो आता त्यांच्यावर काढता येत नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

गिरदावर हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. सरकारी कागदावर त्याला मंडळ अधिकारी म्हणतात. पण आमच्याकडे निजाम गेला तरी त्याचे शब्द काही गेले नाहीत, त्यामुळे तलाठ्याच्या वरचा साहेब तो गिरदावर. तीस वर्षं या माणसानं गावोगावच्या पिकांची आणेवारी केली होती. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. भरघोस पीक म्हणजे शंभर पैसे असं धरायचं आणि प्रत्यक्षात रुपयातले किती पैसे पिकलं ते ठरवायचं. पावसाळा निम्मा झाला की नुसत्या डोळ्यांनी पाहून नजर अंदाज जाहीर करायचा, दिवाळीच्या आगेमागे सुधारित आकडा काढायचा, आणि डिसेंबरात अंतिम. पन्नास पैशांच्या आत आलं की गाव टंचाईत. या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता असं लोक म्हणायचे. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा व्हायच्या आदल्या वर्षी, ऐन मृगाच्या तोंडावर, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या कडेनं येताना त्यांची मोटारसायकल घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हाडात सळई बसवली आणि डॉक्टरांनी सांगितलं की यंदा शेतात पाऊल टाकायचं नाही. निवृत्तीला तो एकच हंगाम राहिला होता. त्यांची भाड्याची खोली वाचनालयाच्या मागच्या गल्लीत. एके दिवशी कुबड्या टेकत, घाम पुसत ते माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, बसून बसून लई तकलीफ होऊन राहिली. काही मोजायला असंल तर द्या.”

मी म्हटलं, “इथं मोजायला काही नाही, वाचायला आहे.” त्यांनी कपाटांकडे पाहिलं. आमची एकूण अकरा कपाटं, त्यातलं एक छत गळायचं म्हणून भिंतीपासून हात-दीड हात पुढं ओढलेलं. गिरदावर पाठीमागे हात बांधायला गेले, कुबड्यांमुळे ते जमेना, मग नुसतीच मान तिरकी करून पहिल्या कपाटापासून अकराव्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. “बरं पेरलंय,” म्हणाले, “पण उगवण सारखी न्हाई.” त्यांनी तोवर शाळेनंतर एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना कधी आडवी आली नाही. उलट एकदा मी टोचून बोलले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बाई, मी ज्वारी बी कधी पेरली न्हाई. मोजली.”

त्या दिवसापासून आमच्या वाचनालयाचं गाव झालं. पुस्तकांची नावं गेली आणि त्यांना गट नंबर आले. “गट नंबर एकशे चौदा द्या,” म्हणायचे, आणि मी मुकाट्यानं कपाटाशी जायची, कारण न गेल्यास ते स्वतः कुबडीनं वरच्या फळीवरचं पुस्तक खाली पाडायचे. नजर अंदाज घेताना पुस्तक उघडायचं नाही हा त्यांचा पहिला नियम. हातात तोलायचं, पाठीवरून बोट फिरवायचं, पानांच्या कडेला नाक लावायचं आणि आकडा सांगायचा. प्रस्तावना तर ते दोन बोटांनी उचलून बाजूला करत. “हा सरपंच,” म्हणायचे. “गावाचं पीक कसं हाय हे सरपंचाला इचारायचं नसतं.” ऐतिहासिक कादंबऱ्यांना सत्तर-बहात्तर सहज मिळायचे, पण ते देताना तोंडावर कौतुकाचा मागमूस नसायचा. “हे धरणाखालचं. राजे-महाराजांचं पाणी फुकट मिळतंय, पिकंल न्हाई तर काय करंल?” कवितासंग्रह मी पहिल्यांदा हातात दिला तेव्हा त्यांनी पान वर-खाली धरून पाहिलं, पलटून मागून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, “एवढं इरळ काहून पेरलंय? बियाणं कमी पडलं का ह्या माणसाला?”

खरा कहर म्हणजे पीक कापणी प्रयोग. शेतात म्हणे मनाला येईल त्या जागी उभं राहून पीक कापायचं नसतं. सरकारनं आकड्यांचा एक तक्ता दिलेला असतो, त्यातून जो आकडा निघेल तितकी पावलं चालायचं, तिथं दोरीनं चौकोन आखायचा आणि तेवढंच कापून, मळून, उफणून वजन करायचं. गिरदावरांनी तो तक्ता कचेरीतून आणला होता. त्यातून पानाचा आकडा काढायचे, तिथून पुढं दहा पानं मोजून दोन्हीकडं सुतळी घालायचे आणि तेवढाच तुकडा मोठ्यानं वाचायचे. प्रत्येक वाक्य संपलं की थांबून पानावर फुंकर मारायचे. फुंकरीनं जे वाक्य त्यांच्या मनातून उडून जायचं तो भुसा, जे राहायचं तो दाणा. दाणे टिपून ठेवायचे आणि मग पंच म्हणून पेपर वाचायला आलेल्या दोघांच्या सह्या घ्यायचे. पेपरवाले आधी हसले, मग सवयीनं सह्या करू लागले, आणि पुढं पुढं तर “हे वाक्य उडालं न्हाई साहेब, मी बघत व्हतो” असे वादही घालू लागले.

बरं, ती दहा पानं निवडतानाही बांधाकडचं पीक धरायचं नाही हा सरकारी नियम. कडेला ऊन-वारा जास्त लागतो, तिथली कणसं मोठी असतात, त्यानं आकडा फुगतो. गिरदावरांच्या मते पुस्तकाचंही तेच. “पहिलं अन् शेवटचं पान लेखक जोर लावून लिहितो. ते आपुन न्हाई धरायचं.” त्यामुळे साडेतीनशे पुस्तकांपैकी एकाचाही शेवट त्यांना ठाऊक नव्हता. एका गाजलेल्या रहस्यकथेला त्यांनी बावीस पैसे दिले, कारण त्यांच्या वाट्याला आलेल्या दहा पानांत सगळे दिवाणखान्यात बसून चहा पीत होते. मी कळवळून सांगितलं की अहो, त्यांच्यातल्याच एकानं खून केलाय. त्यावर ते म्हणाले, “मंग चहा पितानी तसं दिसाया पायजे का नको?” 

आकडे ते दारामागच्या फळ्यावर लावायचे आणि खाली लिहायचे, ‘हरकत असल्यास सात दिवसांत कळवावी.’ गावात हरकती घ्यायची सवय सगळ्यांनाच. एका प्रेमकथेला एकतीस पैसे लागले तेव्हा हायस्कूलचे मराठीचे मास्तर तणतणत आले. ते पुस्तक त्यांनी आठ वेळा वाचलेलं. गिरदावरांनी त्यांना समोर बसवलं आणि विचारलं, “कवा वाचलं व्हतं?” मास्तर म्हणाले, कॉलेजात असताना. “मंग बराबर हाय,” गिरदावर म्हणाले. “त्या साली पाऊस चांगला व्हता.” मास्तर पुस्तक घेऊन गेले, चार दिवसांनी परत आणून टेबलावर ठेवलं आणि जाताना फळ्याकडे न बघता पुटपुटले, “एकतीसही जास्तच आहेत.” त्यानंतर मास्तर बरेच दिवस वाचनालयाकडं फिरकले नाहीत. मला त्यांची फार कीव आली, आणि गिरदावरांचा संतापही. माणसाच्या तरुणपणाचं एक पुस्तक होतं, तेही मोजून टाकलं.

माझं त्या दिवसांत कशातच मन नव्हतं. वाचनालयाचे सभासद दर वर्षी थोडे थोडे गळत होते. घराघरांत केबल टीव्ही येत होता. नवी पुस्तकं यायची ती ओळखीच्या विक्रेत्याकडून गठ्ठ्यानं, निम्मी कुणी उघडणार नाही अशी. दुपारी बारा ते चार त्या अकरा कपाटांच्या मधोमध एकटीनं बसून असायचं. या दुपारींमध्ये, सांगायला आता लाज नाही, मी अकरा वर्षं एक कादंबरी लिहिली होती. एका दाईची गोष्ट. गावातली निम्मी माणसं जिच्या हातांत पहिल्यांदा रडली आणि पुढं दवाखाना आल्यावर जिला कुणी दारातही उभं करेना, अशा बाईची. फुलस्केपच्या एका बाजूला लिहिलेली चारशे बारा पानं. घरी दाखवायची सोय नव्हती, दारी दाखवायची हिंमत नव्हती. आणि या फुंकर मारून वाचणाऱ्या माणसाला मी हसत होते, चिडत होते, तरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. त्यांच्या टिपून ठेवलेल्या दाण्यांत एकही वाक्य खोटं नसायचं. भलेभले टाळ्या घेणारे परिच्छेद ते उडवून लावायचे आणि कोपऱ्यातलं एखादं साधं वाक्य ठेवायचे, आणि ते वाक्य दिवसभर माझ्याही डोक्यातून जायचं नाही. म्हणून एक दिवस मी त्या चारशे बारा पानांना दोरा घातला, वर नाव न लिहिता पुठ्ठा लावला आणि कादंबरी सातव्या कपाटात सरकवून दिली. मनाशी ठरवलं होतं, अंतिम आकडा पन्नासच्या वर गेला तर पुण्याच्या प्रकाशकाकडं पाठवायची. नाही गेला तर विषय संपला.

दोन दिवसांत त्यांनी ती हुडकून काढली. पुठ्ठा हातात तोलला, नाक लावलं, म्हणाले, “नजर अंदाज साठ.” मग माझ्याकडं न बघता विचारलं, “बाई, हे तुमी काहून लपून ठिवलं?” मी म्हटलं, “मी कशाला लपवू? देणगीत आलं असेल.” त्यांनी टेबलावरची तारखेची चिठ्ठी उचलून पुठ्ठ्याआतल्या पहिल्या पानाशेजारी धरली. “अक्षर एकच हाय,” म्हणाले, आणि एवढंच बोलून कादंबरी काखेत मारून घरी घेऊन गेले. घरी पुस्तक नेलेलं मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. दहा पानांवर भागलं नाही, तीन वेगवेगळ्या ठिकाणी प्रयोग झाले, हे मला पेपरवाल्या पंचांकडून कळलं. दिवाळीला सुधारित आकडा आला, त्रेपन्न. मी त्या त्रेपन्नावर दोनेक महिने जगले. पुण्याच्या पत्त्याचं पाकीटसुद्धा लिहून ठेवलं.

इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी मला रोज दिसत होती आणि दिसत नव्हती. सत्तर-ऐंशी मिळालेली पुस्तकं गिरदावर वरच्या फळीवर ढकलून द्यायचे आणि पुन्हा कधी त्यांच्याकडं बघायचे नाहीत. वीस-पंचवीसवाल्यांबद्दल दोन शब्द वाईट वाटून घ्यायचे. पण काही मोजकी पुस्तकं नेमकी एकोणपन्नासवर येऊन अडायची. ही पुस्तकं ते बाजूला काढायचे. त्यांच्या घरी खळ शिजायची, कचेरीतल्या जुन्या खाकी पाकिटांची कव्हरं व्हायची, उसवलेल्या पाठी शिवल्या जायच्या. मग ती दारातल्या टेबलावर मांडून आल्या-गेल्याला सांगायचे, “हे न्या. उशिरा आणलं तरी बाई काही म्हणणार न्हाईत.” माझी सगळी मांडणी त्यांनी या लाडापायी मोडली म्हणून मी धुसफुसायची. एका पैशानं नापास केलेल्या पुस्तकांची एवढी सरबराई कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटलं, कद्रू माणूस आहे, एक पैसा जास्त टाकायला जिवावर येतं आणि मग मन खातं.

डिसेंबरात त्यांच्या नोकरीचा शेवटचा आठवडा होता. बाकीची अंतिम आणेवारी त्यांनी फळ्यावर लावली, पण माझा आकडा सांगायला स्वतः आले. कुबड्या जाऊन हातात काठी आली होती. इस्त्रीचे कपडे, डोक्याला तेल. तोंड असं फुललेलं की हातात पेढ्यांचा पुडा आहे की काय म्हणून मी पाहिलं. टेबलावर कादंबरी ठेवली आणि म्हणाले, “बाई, एकोणपन्नास.”

मी “बरं” म्हणाले. ते म्हणाले, “आता तुमी काय करा...” पुढचं मी ऐकलं नाही. उठले आणि आतल्या कपाटांची दारं एकेक करून लावायला लागले, जरा जोरातच. भर दुपारी अकराच्या अकरा कपाटं मी बंद केली. त्यांची काठी बराच वेळ एका जागी उभी होती, मग हळूहळू दाराकडं गेली. मी बाहेर आले तेव्हा टेबलावर माझी कादंबरी होती, खाकी कागदाचं नवं कव्हर घातलेली. मी आधी ते कव्हर ओरबाडून काढलं. चार दिवसांनी गिरदावर निवृत्त होऊन सिद्धेश्वरकडच्या आपल्या गावी गेले. निरोपाला सगळी कळमनुरी होती. मी डोकं दुखतंय म्हणून घरी बसले.

आणि मग मी जे केलं ते कुठल्याही वाळवीला जमलं नसतं. कादंबरीची पानं मागून कोरी होती. वाचनालयाला पुस्तकांत घालायच्या तारखेच्या चिठ्ठ्या कायम लागायच्या. एकेका पानाच्या चार चार अशा मी सोळाशेच्या वर चिठ्ठ्या कापल्या. पट्टी लावून, सरळ, अगदी निगुतीनं. दोन आठवडे लागले. पुढं कित्येक वर्षं कळमनुरीच्या वाचकांना पुस्तकाबरोबर माझ्या दाईचं एखादं वाक्य मिळायचं, अर्धं इकडं कापलेलं, अर्धं तिकडं. कुणाचं लक्ष जायचं नाही. एकदाच एक बाई कपड्यांना शिलाई मारता मारता उठून आल्यासारखी, बोटाला सुईदोरा तसाच, काउंटरशी आली आणि म्हणाली, “बाई, ह्या चिठ्ठीच्या मागचं पुढलं कुठं हाय?” मी म्हटलं, “संपलं ते.” ती बिचारी “बरं” म्हणून निघून गेली. मीही त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. आठ वर्षं. नोकरी केली, छत गळालं की बादल्या ठेवल्या, संध्याकाळी कुलूप लावलं. माझ्यात काही होतं हे विसरण्यात मी बऱ्यापैकी यशस्वी झाले होते.

आठ वर्षांनी एक दिवस औंढ्याकडच्या एका तांड्यावरचे, साठीच्या पुढचे एक गृहस्थ वाचनालयात आले. मुलगी नांदेडला शिकत होती, तिला परीक्षेची पुस्तकं हवी होती. पुस्तकं मिळाल्यावर ते जाईनात. इकडंतिकडं बघून म्हणाले, “ताई, आमचे गिरदावर साहेब पाय मोडल्यावर इथंच बसायचे म्हणं?” मी म्हटलं, “बसायचे. पुस्तकांना नापास करायचे.” माझ्या आवाजातला कडवटपणा त्यांना कळला नाही. ते तिथल्या बाकावर टेकले.

“लई मोठा माणूस, ताई. आमचा तांडा त्यांच्याच सर्कलात. कवा पन्नासाच्या वर जाऊ दिला न्हाई. प्रयोगात बावन्न-त्रेपन्न आलं की दोरी जराशी खडकाकडं सरकवायचे.”

“म्हणजे खोटं लिहायचे?”

“लिव्हायचे की. आमी इचारलं व्हतं, साहेब, काहून करता असं, नोकरी जाईल. तर म्हणाले, सत्तरवाल्याला कुणाची गरज न्हाई. वीसवाल्याकडं समदे बघतात, मदत येते. मरतो तो त्रेपन्नवाला. त्याच्या लेकराची फी माफ न्हाई, शेतसारा माफ न्हाई, कुणी इचारायला बी येत न्हाई. त्याला एकोणपन्नास द्यायचं, म्हंजे तो दम धरतो अन् पुन्यांदा पेरतो. माझ्या पोरीची फी त्याच्यावरच माफ झाली, ताई. न्हाईतर कुठलं नांदेड अन् कुठलं काय. आमच्याकडं एखाद्यावर कुणाचा लई जीव असला की अजून म्हणतेत, त्याला एकोणपन्नास दिलं.”

हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पन्नासच्या आत आलं की सवलती मिळतात हे कळमनुरीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण स्वतःचं लिहिलेलं मोजायला दिलं की माणसाला एकच गोष्ट ऐकू येते, पास की नापास. मी परीक्षेत बसले होते आणि ते माझ्या बांधावर उभे होते. ते गृहस्थ गेल्यावर मी दाराला आतून कडी घातली आणि वाचनालयाच्या वेळेत, खुर्चीत बसून, मोठ्यानं रडले. कादंबरी गेली म्हणून नव्हे. एका माणसानं नोकरी पणाला लावून जे तांड्याला दिलं तेच मला दिलं होतं, आणि मी त्याच्या तोंडावर कपाटं आपटली होती.

पुढच्याच आठवड्यात मी गेले. कळमनुरीहून हिंगोली, हिंगोलीहून औंढा, तिथून पुढं एका जीपमध्ये सतरा माणसांत. त्यांच्या गावातून धरणाची भिंत दिसते. घर साधंच, पुढं ओटा, ओट्यावर बाज. बाजेवर गिरदावर बसले होते, पण मी ओळखलं ते काठीमुळे. माणूस निम्मा झाला होता. एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्याचा भरवसा नव्हता. त्यांच्या पत्नीनं मला आत येता येताच हळूच सांगितलं, “ओळखायचे न्हाईत, वाईट वाटून घेऊ नका. कवा कवा मला बी न्हाई ओळखत.” मी काय बोलावं याची चार वाक्यं एसटीत जुळवून आणली होती, क्षमेची. त्यातलं पहिलं बोलायला लागले तेवढ्यात त्यांनी मान तिरकी केली.

“बाई का?” म्हणाले. “दुबार पेरणी झाली का न्हाई?”

आठ वर्षांपूर्वी अर्धं राहिलेलं वाक्य ते जणू काल सोडल्यासारखं पुरं करत होते. मी चारही वाक्यं विसरले. सोळाशे चिठ्ठ्यांचं काय सांगणार होते? मी म्हटलं, “व्हय. झाली.”

“उगवण कशी हाय?”

“विरळ आहे,” मी म्हटलं. त्यातल्या त्यात खरं तेवढंच.

“इरळ चालंल,” ते खूश होऊन म्हणाले. “दाट पेरलं की फुटवा येत न्हाई. ती दाई लई चांगली व्हती, बाई. तिला घाई करायला लावू नका.” मग थोडा वेळ त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तेवढ्यात कामाच्या आवाजात म्हणाले, “मंग बघायला कवा येऊ?” त्यांच्या पत्नी चहा टाकायला आत गेल्या होत्या. गिरदावरांना ओट्यावरून अंगणात आणायलाही दोन माणसं लागत होती. मी म्हटलं, “दिवाळीनंतर या.” “दिवाळीनंतर,” ते म्हणाले आणि बोटांवर काहीतरी मोजू लागले. निघताना मी पाया पडले तेव्हा त्यांनी पुन्हा मला ओळखलं नाही. कुठल्या गावच्या, म्हणून विचारलं.

परत येताना हिंगोलीत उतरून मी फुलस्केपचं एक रीम घेतलं. भीतीपोटीच म्हणा. आयुष्यात एवढं धडधडीत खोटं मी दुसरं बोलले नव्हते, आणि ते खरं करायला माझ्याकडं अडीच महिने होते. दुपारी बारा ते चार बसू लागले. पहिल्या कादंबरीतलं एक वाक्य मला आठवेना. दाईचं नाव तेवढं आठवत होतं. हातही चालत नव्हता. चार ओळी लिहायच्या, तीन खोडायच्या, उरलेल्या एकीवर मी फुंकर मारून बघत असे, वेड लागल्यासारखी. एकतीस पानं झाली. दिवाळीच्या आठ दिवस आधी गिरदावर गेले.

मी भेटायला गेले तेव्हा दहावा होऊन गेला होता आणि घरात आकाशकंदील नव्हता. ती एकतीस पानं पिशवीत होती. कशाला नेली होती देव जाणे, दाखवणार कुणाला? ती बरी आहेत की वाईट हे मला खरंच कळत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं उचलली-ठेवली, पण स्वतःच्या शेतात उभं राहून पीक बघायची नजर मला नाही, आणि ज्याला होती तो माणूस राहिला नाही. बत्तिसावं पान मी अजून लिहिलेलं नाही. त्यांच्या पत्नीनं चहा केला. शेवटी शेवटी कुणालाच ओळखत नव्हते म्हणाल्या, पोटच्या पोरालाही नाही. पण रोज सकाळी उठले की एकच विचारायचे, दिवाळीला किती दिवस राहिले. सणाला लेकी माहेरी यायच्या होत्या. घरच्यांना वाटायचं, साहेब लेकींची वाट बघून राहिलेत.

मी त्यांना काही सांगितलं नाही. चहा पिऊन निघाले.